नव्वद किलोंचा पोशाख

इंग्लंडमधल्या विंचेस्टरचं कॅथेड्रल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खचू लागलं. बांधणाऱ्यांनी त्याच्या एका भागाचा पाया दलदलीच्या जमिनीत, बीचच्या ओंडक्यांवर घातला होता. सातशे वर्षांनी ते ओंडके दगा देऊ लागले आणि भिंतींना हात जाईल एवढे तडे गेले. उपाय सरळ होता: भिंतीलगत चर खणायचे, खालच्या कठीण थरापर्यंत जायचं आणि नवा पाया भरायचा. अडचण एकच होती. चर खणला की त्यात पाणी भरायचं, आणि पंप लावून ते उपसावं तर पाण्याबरोबर माती वाहून जाऊन भिंतच अंगावर येण्याची भीती. म्हणून एका चर्चच्या दुरुस्तीसाठी पाणबुड्या बोलवावा लागला.

विल्यम वॉकर हा सीब गॉर्मन या लंडनच्या कंपनीचा अनुभवी पाणबुड्या. १९०६ ते १९११ या काळात तो दिवसचे दिवस त्या चरांमध्ये उतरत राहिला. खोली फार तर सहा मीटर. पण पाणी इतकं गढूळ की दिव्याचाही उपयोग नव्हता. सगळं काम चाचपून. वरून काँक्रीटच्या गोण्या सोडल्या जात, वॉकर त्या चराच्या तळाशी एकीला एक भिडवून रचायचा, आणि तळ असा बंद झाला की पाणी उपसून गवंडी खाली उतरत. या सगळ्या दुरुस्तीत पंचवीस हजारांहून जास्त गोण्या, १,१५,००० च्या आसपास काँक्रीटचे ठोकळे आणि सुमारे ९,००,००० विटा लागल्या.

वॉकरच्या अंगावर नव्वद किलोंच्या घरातला पोशाख असायचा. तो चढवण्या-उतरवण्यात इतका वेळ जाई की जेवणाच्या सुट्टीत वॉकर नुसतं हेल्मेट काढून तसाच बसायचा. बाकी पोशाख अंगावर ठेवूनच जेवायचा, पाइप ओढायचा, की पुन्हा हेल्मेट चढवून खाली. शनिवार-रविवारी मात्र हाच माणूस सायकल मारत शंभरावर किलोमीटर दूर क्रॉयडनला आपल्या घरी जायचा.

सहा मीटर पाण्यात गोण्या रचायला नव्वद किलो अंगावर कशाला हवेत?

हवेपायी. हेल्मेट आणि त्याला जोडलेला रबरी कापडाचा पोशाख, दोन्हींत हवा खेळत असते, आणि पाण्याखाली नेलेली प्रत्येक लिटर हवा जवळपास एक किलोच्या जोरानं वर उसळते. त्या हवेसकट माणसाला तळाशी उभं ठेवायचं तर त्या जोराला पुरून उरेल एवढं वजन त्याच्या अंगावर बांधायलाच हवं. अमेरिकी नौदलाचा ‘मार्क फाइव्ह’ पोशाख पाहा. तांब्याचं हेल्मेट आणि त्याखालचा छातीपट मिळून २५ किलो, शिशाचा पट्टा ३८ किलो, शिशाच्या तळव्यांचे बूट १६ किलो, वर जाड कापडाच्या पोशाखाचं वजन वेगळं. बोटीच्या डेकवर या अवतारातल्या माणसाला दोघांच्या आधाराशिवाय उठता येत नाही. पाण्यात उतरला की त्यातलं बहुतेक वजन हवा खाऊन टाकते आणि पाय तळाला टेकवण्यापुरतं काय ते उरतं.

तर वजनात बडेजाव काही नव्हता. या जुन्या तांब्याच्या हेल्मेटशेजारी आजचं फायबरचं हेल्मेट ठेवलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो वजनातला फरक, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत कमी महत्त्वाचा आहे. नव्या हेल्मेटमधला जवळपास प्रत्येक भाग जुन्या हेल्मेटमध्ये कुणीतरी मेलं किंवा मरता मरता वाचलं म्हणून आलेला आहे. त्या मरणांच्या क्रमानं गेलं तर दोन्ही नीट कळतात.

सुरुवात पाण्यात झालीच नाही. चार्ल्स डीन या इंग्रजानं १८२३ मध्ये पेटंट घेतलं ते धुरात शिरण्याच्या टोपाचं. आग लागलेल्या घरात किंवा जहाजाच्या पोटात माणूस जाईल आणि बाहेरून भात्यानं त्याला नळीतून हवा पुरवली जाईल, अशी कल्पना. धाकटा भाऊ जॉन याच्याबद्दल तर अशी गोष्ट सांगतात की पेटलेल्या तबेल्यात त्यानं जुन्या चिलखताचा शिरटोप डोक्यावर चढवला, त्यात पंपाची नळी घातली आणि घोडे बाहेर काढले. खरं-खोटं देव जाणे. पुढे याच टोपाला भावांनी पाण्यात नेलं. त्यांचा टोप खालून उघडा होता. जास्तीची हवा कमरेपाशी जाकिटाखालून निसटायची. माणूस ताठ उभा असेपर्यंत ठीक. वाकला किंवा ठेचकाळून पडला की टोपात पाणी.

यावर इलाज केला ऑगस्टस सीब यानं. मूळचा सॅक्सनीचा हा कारागीर लंडनमध्ये स्थायिक झाला होता आणि डीन भावांचे टोपही त्यानंच घडवले होते. हेल्मेट अंगभर पोशाखाला बोल्टांनी पक्कं जोडायचं, वापरलेली हवा बाहेर सोडायला हेल्मेटमध्येच झडप ठेवायची, ही १८३० च्या दशकाअखेरची रचना पुढची सव्वाशे वर्षं फारशी बदलली नाही. तिची परीक्षा झाली ती ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेवर. पोर्ट्समथजवळच्या स्पिटहेडला १७८२ मध्ये ही नौका बुडाली, आठशेहून जास्त माणसं गेली, आणि तिचा सांगाडा जहाजांच्या वाटेत पडून राहिला. कर्नल चार्ल्स पॅस्ली याच्या लष्करी तुकडीनं १८३९ ते १८४३ या काळात सुरुंग लावून तो काढला. पाणबुड्यांच्या पोशाखांची तुलना करून पॅस्लीनं कौल दिला तो सीबच्या बंद पोशाखाला.

पण याच कामावर बंद पोशाखाचा पहिला मोठा दोष उघडा पडला. काम करणाऱ्या एका सैनिकाची हवेची नळी फाटली. वर काढला तेव्हा त्याचा चेहरा आणि मान सुजून काळीनिळी झाली होती, तोंडा-कानांतून रक्त येत होतं. झालं असं: नळी वरच्या बाजूला फाटली की हेल्मेटमधली दाबाखालची हवा त्याच नळीतून उलटी बाहेर पळते. आतला दाब वरच्या हवेइतका होतो, बाहेर पाण्याचा दाब आहे तेवढाच राहतो. कापडाचा पोशाख चेपला जातो, तांब्याचं हेल्मेट चेपत नाही. मग पाणी माणसाला त्या एकमेव न चेपणाऱ्या पोकळीत दाबू लागतं. वीस मीटर खोलीवर गळ्याच्या कड्याएवढ्या जागेवर हा दाब टनाच्या वर जातो. यातून पाणबुड्यांच्या जगात सांगितल्या जाणाऱ्या ज्या कथा आहेत, त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत. उपाय मात्र बोटभर होता: हवा आत येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी एकमार्गी झडप, नळी हेल्मेटला मिळते नेमकी तिथे. पुढे ती प्रत्येक हेल्मेटमध्ये आली, आणि आजच्या हेल्मेटमध्येही ती त्याच जागी आहे. उतरण्याआधी ती तपासल्याशिवाय आजही कुणी पाण्यात जात नाही.

उलटं संकटही होतं. हवा बाहेर सोडायची झडप पाणबुड्या आतून डोक्यानं किंवा हनुवटीनं दाबायचा. ती वेळेवर दाबली नाही, किंवा माणूस आडवा होऊन हवा पायांत शिरली, तर पोशाख टम्म फुगायचा, हात बाजूला ताठ व्हायचे, झडपेपर्यंत पोहोचणंच अशक्य व्हायचं आणि माणूस तळापासून थेट पृष्ठभागावर फेकला जायचा. कधी पाय वर, डोकं खाली. म्हणून जुन्या पोशाखाचे पाय मागून दोरीनं आवळून बांधत. जुन्या छायाचित्रांमध्ये पोटऱ्यांवर दिसणारी ती नाडी यासाठीची आहे.

हेल्मेटच्या आत काय चालायचं तेही पाहण्यासारखं आहे. हवा सतत सूं-सूं करत आत येत राहायची. टेलिफोन आल्यानंतरसुद्धा वरचं बोलणं ऐकायचं तर आधी हवा बंद करावी लागे. काचेवर वाफ धरली तर हात आत जात नाही, म्हणून मार्क फाइव्हमध्ये तोंडाजवळ एक छोटी तोटी होती: ती उघडून समुद्राचं पाणी तोंडात घ्यायचं आणि काचेवर चूळ मारायची. हेल्मेट छातीपटाला घट्ट बसवलेलं, ते मानेबरोबर फिरत नाही. डोकं आतल्या आत फिरतं. म्हणून तर त्याला पुढे, दोन्ही बाजूंना आणि कधी वरही खिडक्या. समोरची काच सीबच्या हेल्मेटमध्ये मदतनीस अगदी शेवटी, बाहेरून आट्यांवर फिरवून बसवायचा. ती बसली की आतला माणूस पूर्णपणे दुसऱ्यांच्या हवाली. नाकाला खाज सुटली तर काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच काळात कुणाला सापडलेलं नाही.

खोल गेलं की पाणबुडे धापा टाकू लागायचे, काहींची शुद्धही हरपायची. याचं कारण शोधलं जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञानं. ब्रिटिश नौदलानं १९०५ च्या सुमारास त्याला या कामाला लावलं. त्याच्या लक्षात आलं की हवा कमी पडत नाही, माणसानं सोडलेला कार्बन डायऑक्साइड हेल्मेटमध्ये साठतो. पंपाची एक फेरी वर जेवढी हवा ओढते, ती दहा मीटरवर निम्मी जागा भरते, वीस मीटरवर एकतृतीयांश. म्हणजे खोल जाल तितकं हेल्मेट कमी धुतलं जातं. मिनिटाला साधारण ४२ लिटर हवा, आणि तीही त्या खोलीच्या दाबाला मोजलेली, मिळाली पाहिजे असा हिशोब त्यानं मांडला. पंपाची चाकं फिरवणाऱ्या माणसांचं काम त्या दिवसापासून अनेक पटींनी वाढलं.

हॉल्डेनचं दुसरं काम याहून मोठं. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. माणूस झटकन वर आला तर सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर व्हावं तसं होतं: अंगात बुडबुडे धरतात, सांधे पिळवटतात, मज्जारज्जूत धरले तर पाय जातात, कधी जीवही. कारण फ्रान्सच्या पॉल बेर यानं १८७८ मध्येच दाखवून दिलं होतं; वर यायचं कसं, हे ठरायचं होतं. हॉल्डेननं लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये बकऱ्या दाबाच्या कोठीत घातल्या. बकरीला हा त्रास, म्हणजे बेंड्स, झाला की ती पुढचा एक पाय उचलून धरते. तेवढी खूण पुरे होती. दाब एकदम निम्म्यावर आणला तर सहसा काही होत नाही, हे त्यातून निघालं आणि टप्प्याटप्प्यानं थांबत वर येण्याची कोष्टकं तयार झाली. १९०६ मध्ये डॅमंट आणि कॅटो हे नौदलाचे दोघे स्कॉटलंडच्या लॉख स्ट्रिव्हनमध्ये ६४ मीटर खाली जाऊन सुखरूप परत आले. कोष्टकं १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्यांनी काय फरक पडला, हे दोन बुडालेली जहाजं शेजारी ठेवली की दिसतं.

पहिलं ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळचं. सिमी बेटाचे स्पंज काढणारे पाणबुडे १९०० मध्ये वादळामुळे तिथे अडकले. त्यांच्यातला इलियास स्टाडियाटिस तांब्याचं हेल्मेट घालून पंचेचाळीस मीटरच्या आसपास उतरला आणि घाबराघुबरा वर आला: खाली माणसांची आणि घोड्यांची प्रेतं पसरलीत म्हणाला. ती प्राचीन शिल्पं निघाली. त्याच ढिगाऱ्यातून पुढे ग्रहगती दाखवणारं ते प्रसिद्ध दातेरी चाकांचं यंत्र मिळालं. पुढल्या काही महिन्यांत त्या लहानशा तुकडीतला एक पाणबुड्या मेला आणि दोघे कायमचे पंगू झाले. स्पंजाच्या धंद्यात यात नवल वाटावं असं काही नव्हतं. १८६० च्या दशकात हेल्मेट आल्यापासून एजियन समुद्रातल्या बेटांवर लुळ्या पायांच्या तरण्या पुरुषांची संख्या वाढतच गेली होती.

दुसरं ‘लॉरेंटिक’. जानेवारी १९१७ मध्ये आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ सुरुंगावर आदळून बुडालेल्या या जहाजात सोन्याच्या ३,२११ विटा होत्या. खोली चाळीस मीटर, म्हणजे अँटिकिथेरापेक्षा थोडीच कमी. पाणी थंड, प्रवाह जोरदार, जहाज दर हिवाळ्यात आणखी चुरगाळलेलं. काम सोपवलं त्याच डॅमंटवर. १९२४ पर्यंत त्याच्या माणसांनी पंचवीस सोडून सगळ्या विटा वर काढल्या आणि एकही जीव गेला नाही. हेल्मेट तेच तांब्याचं, नळी तीच, बूट तेच. डॅमंटजवळ कोष्टक होतं आणि ते पाळायला लावण्याचा अधिकार होता.

तरीही तांब्याच्या हेल्मेटला एक तळ होता, आणि त्याचा अनुभव मुंबईकडे निघालेल्या एका जहाजानं दिला. पी अँड ओ कंपनीचं ‘इजिप्त’ हे जहाज मे १९२२ मध्ये लंडनहून मुंबईला येत असताना फ्रान्सच्या उशंट बेटाजवळ धुक्यात दुसऱ्या जहाजाला धडकलं आणि वीसेक मिनिटांत बुडालं. पोटात दहा लाख पौंडांहून जास्त किमतीचं सोनं-चांदी. खोली १२० मीटरच्या पुढे. तिथे तांब्याचं हेल्मेट आणि साधी हवा घेऊन जाता येत नाही: तीस-चाळीस मीटरनंतर नायट्रोजनच माणसाला दारू प्यायल्यागत करतो. मग इटालियन कंपनीच्या ‘आर्टिलियो’ या बोटीवरच्या लोकांनी पाणबुड्याला पाण्याच्या दाबात नेलंच नाही. जाड पोलादी नळकांड्यात एक माणूस बसवून खाली सोडला. आत वरच्या हवेचाच दाब. तो खिडकीतून पाहून टेलिफोनवर सांगणार आणि वरची माणसं यारीचा पंजा हलवणार. दरम्यान दुसरं एक बुडालेलं दारूगोळ्याचं जहाज उडवताना स्फोटात आर्टिलियो स्वतःच बुडाली आणि तिचे बहुतेक लोक मेले. नव्या बोटीनं, नव्या माणसांनी १९३२ मध्ये सोनं काढलं.

नायट्रोजनला पर्याय होता हेलियम. १९३९ मध्ये ‘स्क्वॉलस’ ही बुडालेली पाणबुडी ७३ मीटरवरून उचलताना अमेरिकी नौदलानं हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण पहिल्यांदा मोठ्या कामावर वापरलं. पण हेलियम महाग, आणि जुनं हेल्मेट त्याची उधळण करणारं. त्यात वायू सतत वाहता ठेवावा लागतो. अमेरिकी नौदलाच्या हिशोबानं अशा वाहत्या हेल्मेटला मिनिटाला सव्वाशे लिटरवर वायू लागतो, आणि माणसानं श्वास ओढला तेवढाच देणाऱ्या हेल्मेटला चाळीसच्या आसपास. दोन्ही मोजमापं कामाच्या खोलीवरची. शंभर मीटरवर याला अकरानं गुणा, म्हणजे तेलकंपन्यांना नवं हेल्मेट का हवं होतं ते कळेल.

आणि तेलकंपन्या आल्याच. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बराजवळ समुद्रात विहिरी खणण्याचं काम वाढलं. तिथल्या पाणबुड्यांपैकी बॉब कर्बी आणि बेव्ह मॉर्गन या दोघांनी हेल्मेटं बनवायला घेतली. गंमत म्हणजे त्यांची सुरुवातीची हेल्मेटंही तांब्याचीच होती. बऱ्याच खटपटींनंतर १९७५ मध्ये आलं ‘सुपरलाइट १७’. काचतंतूंचं कवच, वजन बारा-तेरा किलो, आणि पाण्यात ते डोक्यावर आहे हे जवळपास विसरायला होतं. आज जगभरच्या तेलक्षेत्रांवर, धरणांवर, बंदरांत जी हेल्मेटं दिसतात त्यातली बरीचशी याच घराण्यातली. अमेरिकी नौदलानं मार्क फाइव्ह १९८० च्या दशकात निवृत्त केलं आणि पुढे याच सुपरलाइटची आवृत्ती घेतली.

हे हेल्मेट हातात घेऊन पाहू. गळ्याशी रबराची घट्ट पट्टी, तिला नेक डॅम म्हणतात. पाणी तिथे अडतं, म्हणजे हेल्मेटचा पोशाखाशी संबंधच तुटला. पोशाख फाटला, भरला, तरी श्वास चालू. हवा फक्त डोक्याभोवती, म्हणून शिशाचा डोंगर नको. हेल्मेट डोक्याबरोबर वळतं, म्हणून खिडकी एकच, पण मोठी. आत नाका-तोंडावर बसणारा छोटा रबरी मुखवटा: सोडलेला श्वास हेल्मेटभर पसरत नाही, हॉल्डेनचा कार्बन डायऑक्साइड तिथेच आटोक्यात. त्याच्या खाली रेग्युलेटर, श्वास ओढला की उघडणारा. उजव्या बाजूला पितळी ठोकळा. त्यात ती एकमार्गी झडप, काचेवरची वाफ घालवायला हवेचा झोत सोडणारा नॉब, आणि पाठीवरच्या राखीव टाकीचा नॉब. पुढे आणखी एक दांडी असते, तिच्या आतल्या टोकाला नरम गादी. दांडी ढकलली की गादी नाकपुड्या बंद करते आणि कानाचे दडे सोडता येतात. तांब्याच्या हेल्मेटमध्ये हे गिळून किंवा जबडा हलवून भागवावं लागे.

पाणबुड्याकडे वरून जी जाडजूड पिळाची दोरी येते, तिला अंबिलिकल म्हणतात. तिच्यात श्वासाच्या वायूची नळी, टेलिफोनची तार, दिवा आणि कॅमेऱ्याची तार, खोल कामात गरम पाण्याची नळी आणि एक बारीक नळी असते जिचं टोक पाणबुड्याच्या छातीपाशी उघडंच सोडलेलं असतं. ही बारीक नळी, ‘न्यूमो’, मला सगळ्यांत आवडते. वरून तिच्यात थोडी हवा सोडून आतलं पाणी बाहेर ढकलायचं. मग त्या हवेचा दाब म्हणजेच पाणबुड्याची खोली, वरच्या काट्यावर वाचायची. ना बॅटरी, ना इलेक्ट्रॉनिक्स. आणि मुख्य नळी बंद पडली तर पाणबुड्या तीच न्यूमो उचलून नेक डॅमखाली खुपसतो आणि तिच्यातून श्वास घेतो. मालवण-तारकर्लीला पर्यटक करतात ते स्कूबा वेगळं: पाठीवर टाकी, ती संपायच्या आत वर. तेलक्षेत्रावर स्कूबा वापरत नाहीत, कारण तिथे वरच्या माणसाला खालच्याचा श्वास सतत ऐकू यावा लागतो.

गरम पाण्याची नळी चैनीसाठी नसते. हेलियम हवेच्या सहापट वेगानं अंगातली ऊब ओढून नेतो. म्हणून पोशाखात वरून सतत गरम पाणी खेळवतात. आणि हेलियमवर माणसाचा आवाज चिरका होऊन काही कळत नाही, म्हणून वर तो सरळ करणारं यंत्र ठेवावं लागतं.

खोल कामात आज माणूस रोज वर येतही नाही. शरीर एकदा विरघळलेल्या वायूनं पूर्ण भरलं की मग तिथे एक दिवस राहा किंवा तीन आठवडे, वर यायला लागणारा वेळ तोच. म्हणून पाणबुड्यांना जहाजावरच्या दाबाच्या कोठीत ठेवतात, तोच दाब राखलेल्या छोट्या कोठीतून, म्हणजे बेलमधून, कामावर नेतात-आणतात आणि शेवटी एकदाच दाब उतरवतात, दर तीस मीटरला साधारण एक दिवस या हिशोबानं. याला सॅच्युरेशन म्हणतात. मुंबईपासून १६० किलोमीटरवरच्या मुंबई हाय या तेलक्षेत्रावर हेच चालतं.

तिथे २७ जुलै २००५ ला, म्हणजे पावसानं मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, काय झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या आचाऱ्याची बोटं कापली गेली. हवा वाईट, हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला उत्तर मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर पोहोचवायला जहाज जवळ गेलं आणि वायूच्या नळावर आदळलं. आग लागली, दोनेक तासांत प्लॅटफॉर्म कोसळला, २२ माणसं गेली. त्या वेळी जहाजाच्या कोठीत सहा पाणबुडे दाबाखाली होते. बाकीचे जहाज सोडून गेले. या सहांना दार उघडून पळणं शक्यच नव्हतं, कारण एकदम दाब उतरणं म्हणजे मरण. पेटलेल्या, सोडून दिलेल्या जहाजावर ते कोठीतच राहिले आणि छत्तीस तासांनी त्यांची सुटका झाली. जहाज पुढे बुडालं.

क्रिस लेमन्स या पाणबुड्याची गोष्ट अशीच, फक्त उलट्या टोकाची. सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तर समुद्रात नव्वद मीटरवर काम चालू असताना वरच्या जहाजाची जागेवर थांबण्याची संगणक यंत्रणा बिघडली. जहाज वाहत गेलं, लेमन्सची अंबिलिकल अडकून तुटली. हवा, उजेड, ऊब, आवाज, सगळं एकाच क्षणी गेलं. पाठीवर राखीव वायू काही मिनिटांचा. सहकारी त्याच्यापर्यंत परत पोहोचेपर्यंत अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला होता. बेलमध्ये आणून तोंडानं श्वास दिला आणि तो शुद्धीवर आला, कुठलीही इजा न राहता. थंडी आणि आधीच्या मिश्रणातला दाबाखालचा भरपूर ऑक्सिजन ही कारणं सांगतात. काही आठवड्यांत तो कामावर परतला.

इथे जुन्या हेल्मेटच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. नळी तुटली तरी एकमार्गी झडप धरली तर तांब्याच्या हेल्मेटवाल्याभोवती पोशाखभर हवा असायची. नव्या हेल्मेटमध्ये एका श्वासापलीकडे काही नाही, म्हणून राखीव टाकीशिवाय ते हेल्मेट म्हणजे सापळा. जोरदार प्रवाहात जुना पोशाख पाय रोवून उभा राहायचा, माणूस आतून कोरडा राहायचा, आणि बिघडण्याजोगे भाग मोजके. अमेरिकेतल्या मिलवॉकीची डेस्को ही कंपनी मार्क फाइव्ह अजूनही बनवते. पण कामासाठी निवडायचं झालं तर प्रश्नच नाही: वाकता येतं, पोहता येतं, वरच्याशी सरळ बोलता येतं, यापुढे बाकी सगळं गौण.

तांब्याची हेल्मेटं आता बहुतेक दिवाणखान्यांत असतात. मुंबईच्या चोर बाजारात जहाजांच्या जुन्या सामानात एखादं दिसलं तर भुलू नका. शोभेसाठी घडवलेल्या नकला भारतातच बनतात आणि जगभर जातात. खऱ्या हेल्मेटवर आणि त्याच्या छातीपटावर सहसा एकच क्रमांक कोरलेला असतो, आतून कल्हई असते, आणि नळीच्या तोंडाशी ती एकमार्गी झडप असते. नकलेत तिथे नुसतं भोक असतं. दिवाणखान्यात ठेवायला ती नक्कलही छान दिसते; हौस म्हणून तलावात मात्र ती कुणी घालू नये.